तळ्याकाठी राहायला आलीस, तर ऐक

अगं, विजापूर रोडला घर मिळालं आणि गॅलरीतून कंबर तलाव दिसतो म्हणून तू किती हरखलीस! हरखण्यासारखंच आहे ते. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. अशा गावात संध्याकाळी पाण्यावरून येणारी झुळूक सगळ्यांच्या नशिबी नसते. थंडीत वारकरी पक्षी येतील, हळदी-कुंकू बदकं दिसतील, जांभळी पाणकोंबडी पानांवरून तुरुतुरु पळताना दिसेल. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव लिहिलंय, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांग, पटकन कळतं.

आता मी याच काठाला संसार केलाय, म्हणून मोठ्या बहिणीच्या हक्काने चार गोष्टी सांगते. आजूबाजूच्या बायका पहिल्याच आठवड्यात तुला घाबरवतील. तळ्यामुळे डास, तळ्यामुळे वास, तळ्यामुळे साप. त्यात खरं थोडंच आहे. तळ्याच्या नावावर आपण जे खपवतो, त्यातलं बरंचसं आपल्या मोरीत आणि आपल्या बॅरलात सुरू होतं.

डेंग्यूचंच घे. डेंग्यूचा डास तळ्यातल्या घाण पाण्यात अंडी घालत नाही. त्याला घरातलं स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवस वाट बघायची सवय लागलेली. मग पाणी आलं की टाकी भर, बॅरल भर, घागरी भर, उरलं तर बादल्यासुद्धा भर. ते फेकवतही नाही. त्या साठ्यातच आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा साठ्याची भांडी रिकामी करायचा दिवस ठरव. पाणी यायच्या आदल्या दिवशी साठा आपोआप तळाला जातो, तोच दिवस धर. बॅरल नुसतं उपडं करून भागत नाही हं. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला, आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या. तेव्हा काथ्याने किंवा ब्रशने आतून खसाखसा घासायचं, मग कोरडं करायचं. जे पिंप रिकामं करताच येत नाही, त्याच्या तोंडाला जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं दुहेरी फडकं घट्ट बांध. गच्चीवरच्या टाकीचं झाकण, कूलर, फ्रिजमागची ताटली, कुंड्यांखालच्या बशा हेही त्याच दिवशी बघून घे. हा डास दिवसा चावतो, म्हणून पोरांना शाळेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाल.

तळ्याच्या कडेला आणि गटारीत होतो तो दुसरा डास, क्युलेक्स. तो रात्री कानाशी गुणगुणतो. हत्तीरोग पसरवणारा हाच. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी खिडक्यांच्या जाळ्या लाव, रात्री मच्छरदाणी. जिन्याजवळ किंवा पोर्चसमोर तुंबलेली गटार असेल तर ती आधी मोकळी करून घे.

वासाचं मात्र मला मनापासून बोलायचंय. पाण्यावर पसरलेला हिरवा गालिचा बघून नवी माणसं फोटो काढतात. तो गालिचा नाही गं, जलपर्णी आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि तिला हवं ते मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. सिद्धेश्वर तलावात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या तू वाचल्याच असशील. तिथे जलपर्णी नसली तरी घाणीने प्राणवायू कमी होण्याची गोष्ट तीच. आपल्या तळ्यातली जलपर्णी यंत्रं लावून, माणसं उतरवून काढली, आणि ती पुन्हा आली. येणारच. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं आणि खाऊ आपण रोज पाठवतो. म्हणून घर ताब्यात घेतलंस की प्लंबरला एकच विचार, संडास-मोरीचं पाणी ड्रेनेजला जोडलंय की पावसाच्या गटारीला? पावसाची गटार थेट तळ्याकडे जाते. चुकीचं जोडलेलं असेल तर सोसायटीच्या बैठकीत हाच विषय पहिला काढ, रंगकामाचा नंतर. सेप्टिक टँक असेल तर तो भरून वाहायची वाट बघू नका. बोअरचं पाणी प्यायला वापरत असाल तर भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या. तोवर उकळूनच प्या.

शिळी भाकरी, पाव, चुरमुरे पाण्यात टाकू नकोस. पुण्य लागेल असं वाटतं, पण माशांना पुरून उरलेलं सगळं तळाशी कुजतं. निर्माल्याचंही तेच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कॅरीबॅगसकट हार पाण्यात भिरकावणाऱ्या बायका मी बघते तेव्हा जीव तुटतो. ज्या लक्ष्मीची पूजा मांडली, तिचीच फुलं प्लास्टिकमध्ये गुदमरत ठेवायची? फुलं कुंडीत पुरावीत, नाहीतर निर्माल्याच्या कलशात टाकावीत. गणपती शाडूचा आण. घरातच बादलीत विसर्जन केलं तर रात्रीत माती विरघळते आणि तीच माती तुळशीला घालता येते. प्लास्टरची मूर्ती महिनोन् महिने तशीच पडून राहते.

सापाला बघून काठी उचलू नकोस. काठाला बहुतेक वेळा दिसतो तो विरोळा. अंगावर चौकटी असतात, चिडला की फुत्कारतो, पण विषारी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखायला शिक. ओळख पटत नसेल तर लांब राहा, सर्पमित्राला बोलाव. कुणाला चावलाच तर चिरा पाडणं, दोरी आवळणं, मंत्र असलं काही नको. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, 108 लावा आणि सरळ सिव्हिल गाठा.

पोरांना पाण्यात उतरू देऊ नकोस, पोहता येत असलं तरी. तळाला गाळ आहे आणि जलपर्णीच्या मुळ्या पायांना विळखा घालतात. कुणी बुडताना दिसलं तर आपण उडी मारायची नाही. साडी, ओढणी, दोर, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि आरडाओरडा करायचा.

पावसाबद्दल एक विसरू नकोस. आपल्याकडे मोठा पाऊस परतीचा, सप्टेंबरचा. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्गच बंद पडला होता. तुझी धाकटी जाऊ तुळजापूर रोडकडे प्लॉट बघतेय म्हणालीस ना, तिला सांग, 1871 मध्ये बांधलेला हिप्परग्याचा एकरुख तलाव भरून वाहिला की पाणी आदिला ओढ्याने उतरतं. ओढ्यालगतची जागा स्वस्त मिळाली म्हणून हुरळू नये. आधी महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखडा बघावा. नदीकाठची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारावं. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आणि त्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारावं, पाणी कुठवर आलं होतं म्हणून. ती बोट दाखवून सांगेल.

राहता राहिली गटारीची तक्रार. एकटीने फोन करून काही होत नाही, मी सांगते तुला. भिशीला जमाल तेव्हा अर्ज तिथेच लिहा. कोणती गटार, कोणत्या घरासमोर, किती दिवसांपासून, सोबत मोबाइलवर काढलेला फोटो. सगळ्यांच्या सह्या घ्या. दोन प्रती महापालिकेत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढच्या वेळी गेलात की तोच कागद समोर ठेवायचा, आणि तीन-चार जणींनी मिळून जायचं.