हौजी, आकडा आणि आपल्या मुली



जुगार म्हटला की आपल्याला पुरुषच आठवतात. १९६०च्या दशकात मुंबईत मटका फोफावला आणि परळ-लालबागच्या कित्येक गिरणी कामगारांचा पगार आकड्यावर गेला. मटक्याच्या अड्ड्यावर मुली जात नसत. मोबाइलवरच्या रमीने ती आडकाठी दूर केली. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण कंटाळा, एकटेपणा, डोक्यावरचे कर्ज ही कारणे कायद्याने मिटत नाहीत.

“थोडेच लावते, गेलेले भरून आले की थांबेन,” असे मुलींना वाटते. हिशेब पाहू. मटक्यात अंक दहा. लागला तर रुपयाला नऊ. दहा जणींनी दहा वेगळ्या अंकांवर दहा-दहा रुपये लावले, तर जमा १०० आणि परत ९०. कालची हार आजचा अंक लक्षात ठेवत नाही.

मग आपल्या सणातली हौजी पाप आहे का? कॅथॉलिक धर्मशिक्षण (क्र. २४१३) खेळाला मुळातच अन्याय म्हणत नाही. स्वतःच्या व इतरांच्या गरजेचा पैसा त्यात गेला, तर मात्र तो अयोग्य ठरतो. आणि त्याचे व्यसन माणसाला गुलाम करू शकते. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारू या: हा पैसा कोणाच्या गरजेचा आहे? घरी सांगता येईल का? आज थांबता येईल का?

एखादी मुलगी कर्जात सापडली, तर रागावण्याआधी तिचे ऐकू या. सुवार्तेतील स्त्रीने (लूक १५:८-१०) हरवलेल्या नाण्याला दोष दिला नाही. दिवा लावून ते शोधले.