ट्रॅक्टरचा गव्हर्नर : छेडछाड नको, निगा हवी

पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या काळी ऊस बैलगाडीने कारखान्यावर जात असे. आज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रेलर हे हंगामातील नेहमीचे दृश्य आहे. खेपा जितक्या जास्त तितकी कमाई जास्त, त्यामुळे ट्रॅक्टरची ताकद वाढवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. "पंपाचे सील तोडून गव्हर्नर थोडा पिळून देतो, मग बघा कसा ओढतो," असे सांगणारा कारागीरही सहज भेटतो. शेतकरी बंधूंनो, हा निर्णय घेण्यापूर्वी गव्हर्नर नेमके काय काम करतो हे समजून घ्यावे.

गव्हर्नरचे कार्य

जेम्स वॅट यांनी १७८८ साली वाफेच्या इंजिनाचा वेग आवरण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर वापरला. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली डिझेल पंपाचे उत्पादन सुरू केले. अशा पंपाच्या यांत्रिक गव्हर्नरमध्येही तेच तत्त्व आहे. पंपाबरोबर फिरणारी वजने वेग वाढला की बाहेर फेकली जातात, तर स्प्रिंग त्यांना आवरून धरते. वजनांचा जोर वाढला की रॅक नावाची दातेरी पट्टी मागे सरकते व डिझेल कमी होते. इंजिनावर भार पडून वेग उतरला की स्प्रिंग रॅक पुढे सरकवते व डिझेल वाढते. ॲक्सिलरेटरने आपण या स्प्रिंगचा ताण ठरवतो. बैल उधळू नयेत म्हणून जसा कासरा, तसा इंजिनाला गव्हर्नर.

यात दोन मर्यादा असतात. एका स्क्रूने सर्वांत जास्त वेग ठरतो, तर दुसऱ्याने एका वेळी जाणारे सर्वांत जास्त डिझेल ठरते. उत्पादक या दोन्ही मर्यादा पंपाच्या बाकावर तपासून सील करतो.

चढावर काय घडते?

समजा, ट्रॅक्टरचा निर्धारित वेग मिनिटाला २,००० फेरे आहे. पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन भार नसताना तो २,१५० ते २,२०० फेरे फिरतो. भार पडून वेग २,००० पर्यंत आला की गव्हर्नरने रॅक पूर्ण उघडलेला असतो. चढावर वेग १,५०० पर्यंत उतरला तेव्हाही रॅक पूर्ण उघडाच असतो. म्हणजेच ज्या वेळी ट्रॅक्टर दमतो, त्या वेळी गव्हर्नर डिझेल अडवतच नाही. मग त्याची स्प्रिंग ताठ करून चढावर लाभ कसा होणार? स्प्रिंग ताठ केल्याने केवळ वरच्या वेगात डिझेल तोडण्याची वेळ पुढे जाते.

स्प्रिंग ताठ केल्यास

वेग २,००० वरून २,५०० केला तर तो सव्वापट होतो. परंतु पिस्टन, कनेक्टिंग रॉड व फिरत्या भागांवरील जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे ५६ टक्क्यांनी. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्या वेगाला पुऱ्या पडल्या नाहीत, तर व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही व पिस्टनवर आदळू शकतो. रस्त्यावरील हिशोबही तोच. सव्वापट वेगाने जाणारा भरला ट्रेलर थांबवण्यासाठी ५६ टक्के जास्त शक्ती जिरवावी लागते, ब्रेक मात्र पूर्वीचेच असतात.

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळातील डॉज पिकअप ट्रकच्या कमिन्स इंजिनावर हौशी लोक गव्हर्नरच्या ताठ स्प्रिंगा बसवतात. परंतु त्यासोबत ते व्हॉल्व्ह स्प्रिंगा, क्लच व टर्बोही बदलतात. शर्यतीसाठी केलेला तो खर्च ऊस वाहतुकीच्या हिशोबात बसत नाही.

डिझेल वाढवल्यास

दुसरा स्क्रू फिरवला की चढावर थोडा जोर वाढल्यासारखा वाटतो. पण १ किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर डिझेलसाठी साधारण १० हजार लिटर हवा पाहिजे. सिलिंडरात येणारी हवा तेवढीच राहिली, तर जादा डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. धूर म्हणजे ताकद नव्हे. तो आपल्या पैशाचा धूर आहे. शिवाय इंजिन तापते, न जळलेले डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑईल पातळ करते, आणि लायनर व बेअरिंग लवकर झिजतात.

जमिनीचाही विचार करावा

हाच ट्रॅक्टर हंगामानंतर शेतात येतो. पी.टी.ओ.चा प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे आहे. इंजिन वाढीव वेगाने चालवले तर रोटाव्हेटरही जादा वेगाने फिरतो. त्याने माती अधिक बारीक होते आणि पहिल्या पावसानंतर तिच्यावर पापुद्रा धरतो. उगवण विरळ होण्याचे ते एक कारण ठरते.

आधी काय तपासावे?

ट्रॅक्टर ओढत नसेल तर बहुतेक वेळा असलेली ताकदच कुठेतरी गळत असते. पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) एअर क्लीनर : ऊस वाहतुकीत धूळ फार असते. ऑईल बाथ प्रकारात तेलाची पातळी व गाळ रोज पाहावा.
२) डिझेल फिल्टर व टाकीतील पाणी-गाळ.
३) ॲक्सिलरेटरची जोडणी : पॅडल पूर्ण दाबल्यावर पंपावरील दांडा शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. सैल जोडणीमुळे पूर्ण डिझेल मिळतच नाही.
४) नोझलचा दाब व फवारा, टॅपेटची फट आणि पंपाचे टायमिंग.
५) क्लच घसरणे, ब्रेक धरून राहणे, टायरमधील कमी हवा व ट्रेलरची बेअरिंगे.

एवढे करूनही भाराशिवायचा सर्वाधिक वेग पुस्तिकेतील आकड्यापेक्षा कमी भरला, तर स्प्रिंग कमकुवत झालेली असू शकते. अशा वेळी पंप अधिकृत केंद्रात नेऊन बाकावर कॅलिब्रेट करून घ्यावा व पुन्हा सील करून घ्यावा. गव्हर्नरला हात लावण्याचा योग्य मार्ग हाच आहे.

सुरक्षिततेसाठी सूचना

उघडलेला गव्हर्नर चुकीचा जोडला व रॅक अडकला, तर इंजिन सुसाट सुटते आणि बंद करण्याच्या दोरीनेही थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा बंद करावी. हात कधीही लावू नये.

घाट उतरताना गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, परंतु मागून ढकलणारा भार तो अडवू शकत नाही. म्हणून करंजी, इमामपूर यांसारखे घाट उतरताना वरच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये.

५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आहेत. यातील अनेक इंजिनांत डिझेलचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. तेथे स्क्रूऐवजी संगणकाची नोंद बदलून देणारे भेटतात. वरील सर्व धोके तेथेही तसेच आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. सील तुटलेले आढळल्यास हमीचा दावा नाकारला जाऊ शकतो आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

तेव्हा शेतकरी बंधूंनी हंगामापूर्वी वरील पाच गोष्टी तपासून घ्याव्यात, भार ट्रॅक्टरच्या क्षमतेइतकाच ठेवावा आणि पंपाचे सील शाबूत राखावे. जास्त ओढायचेच असेल तर जास्त अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्यावा किंवा एक ट्रेलर कमी करावा. भर हंगामात इंजिन बसले, तर वाढीव खेपांचा सारा नफा एका दुरुस्तीत जातो, हे ध्यानात ठेवावे.