पट्टी नंतर, आधी पाय

नागपुरात लकडगंजच्या लाकूडबाजारात आरामशिनीवरचा कामगार दिवसभर उभा असतो. कुणाच्या पोटरीवर शिरांच्या गाठी, कुणाच्या टाचेत ढलपी रुतलेली. त्यात साखर असली तर त्या गड्याला जखमेचा पत्ताच नसतो. इथलेच एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले. 'नीट' परीक्षा हुकली, बीएस्सी नर्सिंगला जागा मिळतेय. "जन्मभर पट्ट्याच बांधायच्या का जी तिनं?"

पट्टी बांधणं हा त्यातला सोपा भाग. घोट्याच्या आतल्या बाजूला, काळवंडलेल्या कातडीवर, सुजलेल्या पायावरची जखम बहुधा रक्त वर चढत नाही म्हणून होते. तिला दाबाची पट्टी लागते. गार पडलेल्या पायाच्या बोटांवरची जखम रक्त खाली पोचत नाही म्हणून होते. तिथे तीच पट्टी आवळली तर पाय जाऊ शकतो. आणि तळव्याच्या घट्ट्याखालची, न दुखणारी जखम बहुतेकदा मधुमेहाची. खेड्यातल्या उपकेंद्रावर हा फरक आधी ओळखायचा असतो तो नर्सनं.

पाय बधिर आहे का हे पाहायला पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, तळव्यावर नायलॉनचा धागा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, "कळलं का?" धागा 10 ग्रॅम दाबाला वाकतो. मधुमेहाआधी या धाग्यांचा मोठा उपयोग झाला तो कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर, आणि आनंदवनच्या विदर्भाला असे पाय नवे नाहीत. मग घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागायचं. उत्तर 0.9 च्या खाली आलं तर धमनी अरुंद. पण मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा 1.3 च्या वरही जातो, आणि नवखा माणूस 'उत्तम' लिहून मोकळा होतो.

नागपूरचेच मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे मधुमेहींच्या पायाच्या काळजीसाठीच्या 'स्टेप बाय स्टेप' उपक्रमाच्या उभारणीत होते. भारत आणि टांझानियात राबवलेल्या या उपक्रमाची मांडणी त्यांनी टांझानियातल्या डॉ. अब्बास यांच्यासह 2007 मध्ये प्रसिद्ध केली. डॉक्टर आणि नर्सनं पायाची काळजी जोडीनं शिकायची, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. वडिलांना मी तेवढंच सांगितलं.

बारावीला पीसीबी असेल तर सीईटी देऊन 4 वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. नाहीतर 3 वर्षांचं जीएनएम. बीएस्सी नर्सिंगनंतर पुढे उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. तिशीपुढच्यांची मधुमेह तपासणी तिथेच होते. पद बहुतेक कंत्राटी असतं, हे मी लपवत नाही. हातानं घडवायची आवड असेल तर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स पाहा. साडेचार वर्षांची ही पदवी मुंबईत हाजी अलीजवळच्या केंद्रीय संस्थेत मिळते; जखमेवरचा भार काढणारे बूट हीच मंडळी बनवतात. सहा महिन्यांत 'फूट स्पेशालिस्ट' करणाऱ्या जाहिरातींपासून मात्र लांब राहा. नर्सिंग कौन्सिलसारखी मूळ नोंदणी नसेल तर तो कागद भिंतीवर लावण्यापुरताच.

कॉलेज पाहायला गेलात की इमारत आणि बसचं नंतर विचारा. आधी विचारा, प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात होतं, आणि तिथे मुलगी पेशंटचे मोजे उतरवून किती पाय स्वतः तपासणार?