सणांतील दारूकाम आणि शेजारधर्म

दिवाळी हा मुळांत दिव्यांचा सण होय. पणत्यांची आरास, आकाशकंदील, अभ्यंगस्नान, फराळ व आप्तेष्टांच्या भेटीगाठी हीं त्याचीं खरीं अंगें. दारूकाम हें त्यास मागाहून जडलेलें अंग आहे. परंतु मुंबई, पुणें यांसारख्या दाट वस्तीच्या शहरांत हेंच अंग इतकें वाढलें आहे कीं, त्यापुढें बाकीचीं झांकून जातात. नियमानें ठरविलेली वेळ टळून गेल्यावरहि गल्लीबोळांतून सुतळी बॉम्ब व हजाराच्या माळा वाजतच राहतात. अशा बेकायदा दारूकामानें वस्तीवर काय परिणाम होतात, कायदा काय सांगतो व आपलें कर्तव्य कोणतें, याचा थोडक्यांत विचार या लेखांत करावयाचा आहे.

बंदुकीची दारू प्रथम चीन देशांत तयार झाली. आपल्या देशांतील दारूकामाचा इतिहास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान् परशुराम कृष्ण गोडे यांनीं मोठ्या परिश्रमानें जुळविला. इ. स. १४०० ते १९०० हा कालखंड त्यांनीं आपल्या निबंधासाठीं घेतला होता. पेशव्यांच्या बखरींत कोटा संस्थानच्या दिवाळीचें वर्णन आहे. तें महादजी शिंद्यांनीं सवाई माधवरावांस सांगितलें, असें बखरकार लिहितो. तेथें दारूची लंका रचीत. रावण, राक्षस व मारुति हे सारे दारूचेच असत. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हा खेळ राजधानीच्या बाहेर होत असे. एकानें खेळ करावा व सर्वांनीं दुरून पाहावा, अशी ती रीति होती. आज प्रत्येक दारांत, प्रत्येक जिन्याखालीं निराळी लंका पेटते, हा मोठाच फरक होय.

आतां फटाक्यांत असतें काय तें पाहूं. जुन्या बंदुकीच्या दारूंत सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असे. सोरा प्राणवायु पुरवितो, कोळसा व गंधक जळतात, आणि क्षणार्धांत निर्माण झालेला वायु घट्ट वेष्टण फोडून बाहेर पडतो. तोच आपणांस ऐकूं येणारा बार. रंगांसाठीं धातूंचे क्षार घालतात. स्ट्राँशियमनें तांबडा, बेरियमनें हिरवा, तांब्यानें निळा व सोडियमनें पिवळा रंग येतो. शुभ्र प्रकाश ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम जळल्यानें मिळतो. रंग विझतो, परंतु धातु नाहींसा होत नाहीं. तो सूक्ष्म कणांच्या रूपानें हवेंत तरंगतो व पुढें रस्त्यावर, पाण्यांत आणि फुप्फुसांत उतरतो.

आवाजाचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहण्यासारखा आहे. डेसिबल हें आवाजाच्या तीव्रतेचें माप. पण तें साध्या बेरजेचें नव्हे. १० डेसिबल वाढले म्हणजे तीव्रता दसपट होते, २० वाढले म्हणजे शंभरपट. सरकारी नियमाप्रमाणें फटाका फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर त्याचा आवाज १२५ डेसिबलहून अधिक नसावा. उघड्या मैदानांत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलांनीं उतरतो. म्हणजे ८ मीटरवर ११९, १६ मीटरवर ११३, ३२ मीटरवर १०७ आणि १०० मीटरवर सुमारें ९७ डेसिबल राहतात. निवासी भागांतील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोंवतालीं १०० मीटरपर्यंत जें शांतता क्षेत्र असतें, त्यांत ती दिवसा ५० व रात्रीं ४० आहे. या मर्यादा सरासरी आवाजाच्या आहेत व फटाका क्षणिक आहे, हें खरें. तथापि झोपलेल्या रुग्णास दचकविण्यास एक क्षण पुरतो. शिवाय हा हिशेब नियमांत बसणाऱ्या फटाक्याचा व मोकळ्या मैदानाचा झाला. चाळींच्या समोरासमोरच्या भिंतींमध्यें आवाज परावर्तित होतो व तितका उतरत नाहीं.

धुराची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. दिवाळीच्या सुमारास रात्री थंड होऊं लागतात. जमिनीलगतची हवा गार व तीवरची उबदार अशी स्थिति झाली म्हणजे धूर वर न चढतां वस्तींतच कोंडून राहतो. त्यांतील अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या हिश्श्याएवढे असल्यानें फुप्फुसांच्या अगदीं आंतल्या भागापर्यंत पोंचतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें २०१६ सालीं विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह फटाक्यांचे सहा प्रकार जाळून अशा कणांचें मापन केलें. सर्वांत अधिक धूर कशाचा निघाला? मोठ्या बॉम्बाचा नव्हे, तर लहान मुलांच्या हातीं निर्धास्तपणें दिल्या जाणाऱ्या नागगोळीचा! तिच्या धुरांत एका घनमीटर हवेंत ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत कण आढळले. त्याखालोखाल माळ, मग पुलपुल, फुलबाजी, भुईचक्र व शेवटीं अनार असा क्रम लागला. आपल्या देशांत दिवसभराच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, हें लक्षांत घेतल्यास पालकांस निराळें सांगावयास नको.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. दम्याचा रोगी, हृदयविकाराचा वृद्ध, नुकतीच प्रसूत झालेली माता व तिचें तान्हें बाळ यांस दार लावून घेण्यापलीकडे उपाय नसतो. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची झोंप जाते. माणसास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो, तर कुत्र्यास त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून भेदरलेलीं कुत्रीं रस्त्यावर सैरावैरा धांवतात. झोपडपट्टींतील ताडपत्रीच्या छपरावर एक भरकटलेला बाण पडला तरी संसाराची राख होते. आणि पहांटे तो सारा कचरा झाडणारीं माणसें कोणाच्या सणाचा खर्च फेडतात, याचाहि विचार व्हावा.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. संकटांत सांपडलेल्या एका मुलीच्या हाका ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटांत कोणासहि ऐकूं गेल्या नाहींत, त्यावरून सर्वोच्च न्यायालयापुढें एक अर्ज आला होता. त्याचा निकाल १८ जुलै २००५ रोजीं लागला व त्यांत रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत आवाजी फटाक्यांस मनाई झाली. पुढें २०१५ सालीं दिल्लींतील तीन तान्ह्या बालकांच्या नांवानें त्यांच्या वडिलांनीं त्याच न्यायालयाकडे धांव घेतली. त्या प्रकरणांत २३ ऑक्टोबर २०१८ रोजीं आदेश झाला. त्यानें दिवाळींत रात्रीं ८ ते १० एवढीच वेळ दिली. माळांस व बेरियमच्या क्षारांस बंदी केली. आणि विक्री केवळ परवानाधारकांनींच करावी असें ठरविलें. नाताळ व नववर्ष यांस रात्रीं ११ वाजून ५५ मिनिटांपासून साडेबारापर्यंतच मुभा दिली. म्हणजे न्यायासनापुढें सण कोणाचा हा प्रश्न नसून शेजाऱ्याचा श्वास हा प्रश्न आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधनसंस्थेनें कमी धुराचे हरित फटाकेहि तयार केले. त्यांनीं कण सुमारें तीस टक्क्यांनीं घटतात. परंतु उरलेले सत्तर टक्के राहतातच, हें विसरूं नये.

यावर कोणी म्हणतील, “वर्षांतून चार दिवस मुलांनीं मौज करूं नये काय?” मौज अवश्य करावी. पण जी मौज दुसऱ्याच्या घरांत परवानगीवांचून शिरते, ती मौज न राहतां जुलूम होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तामिळनाडूंतील शिवकाशीच्या हजारों कुटुंबांचें पोट या धंद्यावर आहे, त्यांचें काय? हा प्रश्न टाळतां येणार नाहीं. मात्र त्याच धंद्यांत ५ सप्टेंबर २०१२ रोजीं एका कारखान्यांतील स्फोटानें पस्तीसांहून अधिक जीव घेतले, हेंहि तितकेंच खरें आहे. त्या कामगारांस सुरक्षित रोजगार मिळवून देणें हें समाजाचें व सरकारचें काम होय. आपण मध्यरात्रीं माळ लावल्यानें तें साधत नाहीं.

मग करावें काय? सणापूर्वीं आठ दिवस वाडींतील सर्वांनीं एकत्र बसून वेळ व जागा ठरवावी. दारूकाम हवेंच असेल तर वस्तीपासून दूर, अग्निशमनाची सोय असलेल्या मोकळ्या मैदानांत, सर्वांचें मिळून एकच करावें. कोट्याची जुनी रीति येथें उपयोगी पडेल. आपल्या गल्लींत आजारी कोण, तान्हें बाळ कोणाकडे, याची मुलांनीं आधीं चौकशी करावी. पालकांनीं फटाके विकत घेतांना विक्रेत्याचा परवाना पाहावा व नागगोळी घरांत आणूं नये. कोणी नियम मोडूं लागल्यास प्रथम नम्रपणें सांगावें. न ऐकल्यास वडील माणसांनीं पोलिसांस कळवावें. त्यांत चहाडी नाहीं. तें दुर्बलांचें रक्षण आहे.

विद्यार्थीमित्रहो, दिव्याचा प्रकाश शेजाऱ्याच्या अंगणांत गेला तर त्यास आनंदच होतो. आपला सण असा साजरा करा कीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच शेजाऱ्याकडे फराळाचें ताट घेऊन जातांना तुमची मान खालीं जाऊं नये.