कळसूची अट : मुलांना जुनी गोष्ट सांगताना काय बदलावं, काय ठेवावं



परीकथा म्हटलं की आपल्याला सिंड्रेला आठवते, हिमगौरी आठवते. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात एक गोष्ट अक्षरशः डोंगराएवढी उभी आहे, आणि तिच्याकडे आपण वर्गात क्वचितच बघतो. अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. सामान्य ज्ञानात एवढं पाठ करून घेतो आणि पुढे जातो. ही कळसू कोण, हे विचारायचं राहूनच जातं.

गोष्ट थोडक्यात अशी सांगतात. कळसू ही कोळ्याची पोर. रानात भटकायची तिला भारी आवड. भटकत भटकत ती डोंगराच्या पायथ्याला इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिने अट घातली : बाकी काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलं. कळसूने वाद घातला नाही. सांगितलेलं काम केलं, आणि डोंगर चढून गेली. मरेपर्यंत वरच राहिली. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथे केर काढला तो काळदरा, असं म्हणतात. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटिअरमध्येही ही कथा नोंदलेली आहे. आज बारी गावातून लोखंडी शिड्या चढून माणसं वर जातात, देवीचं दर्शन घेतात. नवरात्रात तर गर्दी असते.

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा शेवटी मी तात्पर्य जोडलं : "बघा, कळसूने कुठलंच काम हलकं मानलं नाही, म्हणून ती देवी झाली. आपणही कामाला लाजू नये." फळ्यावर लिहूनही दिलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. एक मुलगी मात्र पेन हातात धरून बसून राहिली. म्हणाली, "पण बाई, तिने आधीच सांगितलं होतं ना, भांडी घासणार नाही म्हणून?"

मला उत्तर देता येईना. कारण तिचं बरोबर होतं. ही गोष्ट कष्टाची नाहीच, दिलेल्या शब्दाची आहे. घरच्यांनी शब्द दिला आणि मोडला. माझ्या तात्पर्याने गोष्ट उलटीच केली होती : जिच्यावर अन्याय झाला तिलाच मी आज्ञाधारकपणाचं उदाहरण करून टाकलं. आणि वर्गातल्या कितीतरी मुली सकाळी घरची भांडी घासून शाळेत येतात. त्यांच्यासमोर मी काय सांगत होते, याचा विचार करून नंतर वाईट वाटलं.

तेव्हापासून मी गोष्ट सांगण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारते : या गोष्टीचा खुंटा कुठे आहे? गाय दोरीच्या लांबीएवढी कुठेही चरू दे, खुंटा उपटला की ती गेलीच. गोष्टीचंही तसंच.

गोष्टी बदलू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्या कायम बदलत आल्यात. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट छापली, त्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली तीच गोष्ट दिली, तेव्हा शिकारी येऊन आजी आणि नात दोघींना बाहेर काढतो. ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा छळ करणारी तिची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ते गोष्टींवर हात फिरवतच होते. पण लाल टोपीवाल्या मुलीचा खुंटा, म्हणजे वाटेत भेटलेल्या गोडबोल्यावर विश्वास ठेवणं, दोघांकडेही जागच्या जागी आहे.

आपल्याकडची चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काही घरांत शेवटी कावळ्याला चटका बसतो, काही घरांत चिऊ त्याला आत घेऊन ऊब देते. दोन्ही चालतात. पण कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जाणं आणि चिऊने दार उघडायला वेळ लावणं हे काढलं, तर गोष्ट उरतच नाही. "चिऊने दार लगेच का नाही उघडलं?" हा मुलांचा प्रश्न हीच तिची खरी कमाई आहे.

वर्गात तीन तासिकांत हे असं घेता येतं. मी घेतलं, जमलं.

पहिली तासिका : कळसूची गोष्ट फक्त सांगायची. तात्पर्य नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून यायला सांगायचं. अकोल्याकडच्या घरांत ती वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकायला मिळते. कोणी कळसूबाई, रतनबाई आणि कात्राबाई या तिघी बहिणी म्हणून सांगतं. मुलांनी गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. १८६८ साली मेरी फ्रिअर हिने 'ओल्ड डेक्कन डेज' हे दख्खनच्या कथांचं पुस्तक काढलं, तेव्हा कथा सांगणाऱ्या आया ॲना लिबेराता डिसोझा हिचं नाव आणि तिची जीवनकहाणीही त्यात दिली. दीडशे वर्षांपूर्वी हे सुचलं, तर आपल्याला आजीचं नाव लिहायला काय हरकत आहे?

दुसरी तासिका : शेजारी सिंड्रेला ठेवायची. तिच्याही नशिबी भांडी आणि केर. तिलाही एक अट आहे, रात्री बाराची. मग मुलांना विचारायचं : अट कोणी घातली? कोणी मोडली? शेवटी सुटका कोणी केली? माझ्या वर्गात एकाने पटकन सांगितलं, "सिंड्रेलाला राजपुत्र न्यायला आला, कळसू आपली आपण गेली." याहून चांगलं परीक्षण मला लिहिता आलं नसतं.

तिसरी तासिका : मुलांनी गोष्ट आजच्या काळात आणून लिहायची. घर शहरातलं असू दे, काम वेगळं असू दे. नियम एकच : अट राहिली पाहिजे आणि ती मोडली गेली पाहिजे. एक काळजी मात्र घ्या. कळसू अनेक घरांची देवी आहे. तिचं विनोदी पात्र होऊ देऊ नका. नव्या गोष्टीत नाव दुसरं ठेवायला सांगा.

काही पालक विचारतात, "अशाने मुलं कामाला नाही म्हणायला शिकतील." पालकहो, कळसूने कामाला नाही म्हटलंच नव्हतं. ती त्या घरात राबतच होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की ठरलंय ते पाळा. मुलाला "परीक्षा झाली की सायकल" असं सांगून आपण विसरतो ना, तेव्हा मूल भांडत नाही, गप्प होतं. ते गप्प होणं म्हणजे डोंगर चढायला लागणं. ही गोष्ट मुलांइतकीच आपल्यासाठीही आहे.

त्या मुलीच्या वहीत तात्पर्याची ओळ शेवटपर्यंत कोरीच राहिली. मी ती भरायला सांगितली नाही.

तुमच्या गावच्या डोंगराची, बारवेची, वडाची गोष्ट या आठवड्यात घरात कोणाला तरी विचारा. वर्गात सांगा. आणि सांगून झाल्यावर लगेच काही समजावू नका, थोडं थांबा. मुलं काय विचारतात ते ऐका.