रिलीज हातात घेण्याआधी

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंडच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले, साताऱ्याची अदिती स्वामी त्याच स्पर्धेत जगज्जेती झाली, आणि नागपुरातल्या आमच्या जरीपटक्यातही कंपाउंड धनुष्याची चौकशी करणारे पालक भेटू लागले. सगळे धनुष्याबद्दल विचारतात, दोरी धरून सोडणाऱ्या रिलीजबद्दल कुणीच नाही. तो विषय मी मुद्दाम काढतो, कारण माझा ओठ रिलीजनेच फुटला होता.

मी मनगटाच्या पट्ट्याचा, तर्जनीने ट्रिगर दाबायचा रिलीज वापरत होतो. पुढे पुढे स्कोपमधला ठिपका टार्गेटच्या पिवळ्यावर आला की बोट आपोआप झटका देऊ लागलं. तिरंदाज याला टार्गेट पॅनिक म्हणतात. दुकानात सल्ला मिळाला, "हिंज रिलीज घ्या, मोठे खेळाडू तोच वापरतात." हिंजला ट्रिगर नसतो. तो मुठीत किंचित फिरला की आतल्या अर्धचंद्राकार भागाच्या कडेवरून हुक निसटतो आणि दोरी सुटते. ओढताना अंगठा खुंटीवर ठेवून तो फिरू द्यायचा नाही, हे कुणी सांगितलंच नाही. अर्ध्या ओढीतच दोरी सुटली, मूठ तोंडावर आदळली आणि बाण टार्गेट लावायच्या बटवरून गेला. मागे भिंत होती म्हणून निभावलं.

म्हणून नवशिक्याने पट्ट्याच्या रिलीजनेच सुरुवात करावी. पट्टा रोज त्याच भोकात आवळा, नाहीतर ओढीची लांबी बदलते. मूठ जबड्याशी टेकून अँकर होईपर्यंत बोट ट्रिगरच्या मागे ठेवा. मग ट्रिगर बोटाच्या टोकावर न घेता दुसऱ्या पेऱ्यात बसवा आणि पाठीने ओढत राहा. बाण त्या ओढीनेच सुटला पाहिजे. अंगठ्याने ट्रिगर दाबायच्या रिलीजलाही हेच लागू.

हिंज आणि ताणावर सुटणारा रिलीज नंतरचे. ताणाच्या रिलीजची सेफ्टी दाबून धरत ओढायचं, अँकरला ती सोडायची आणि ओढ वाढवत न्यायची. त्याचा ताण होल्डिंग वेटपेक्षा, म्हणजे पूर्ण ओढीला हातात उरणाऱ्या भारापेक्षा, थोडा जास्त लावतात. ५० पौंडांच्या, ७५ टक्के लेट-ऑफच्या, म्हणजे शेवटी तेवढा भार कमी होणाऱ्या धनुष्यावर हातात साडेबारा पौंड उरतात. धनुष्याचे पौंड बदलले की रिलीजही नव्याने लावावा लागतो.

नवा रिलीज कोणताही असो, आधी तो दोरीवर चालवा. आपल्या ओढीच्या लांबीचा दोरीचा फास करा, एक टोक धनुष्य धरायच्या मुठीत घ्या, दुसऱ्याला रिलीज अडकवून ओढा. हात सरावला की बटपासून दोन-तीन मीटरवर, टार्गेटचा कागद न लावता बाण सोडा. ५० मीटर त्यानंतर. ओढताना बाणाचं टोक बटकडेच असावं. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका आणि रिलीज अडकवायचा डी-लूप विरला की लगेच बदला.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे, त्यामुळे या खेळाकडे आणखी मुलं येतील. पालकांनो, पैसे देण्याआधी प्रशिक्षकासमोर मुलाला तो रिलीज दोरीवर ओढू द्या. मुठीत नीट बसत नसेल, तर कुणाही विजेत्याचं नाव सांगितलं तरी घेऊ नका.