चिखल सांभाळ, आकाश उजळेल

पोरी, ठाण्याच्या खाडीवरचा सूर्यास्त रंगवायचाय ना? मग रंगांची पेटी उघडण्याआधी कालनिर्णयात तिथी बघ. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्याकडे भरती दुपारी बारा-एकला येते आणि संध्याकाळी सहा-सातला पुरती ओहोटी असते. ओला चिखल उघडा पडतो, मधल्या ओहळांत आकाश उतरतं. अष्टमीला उलट, त्या वेळी पाणी तिवरांच्या बुंध्याशी असतं. चित्र कोणतं हवं ते ठरव आणि तसा दिवस धर. ऐरोलीच्या काठावर उभी राहिलीस की सूर्य खाडीपलीकडे, अगदी समोर मावळतो.

क्षितिजाला टेकलेलं बिंब दोन-अडीच मिनिटांत दिसेनासं होतं. तेवढ्यात मोठा कॅनव्हास होत नाही. वहीएवढ्या पुठ्ठ्यावर चारच छटा टिपून घे: आकाश, पाणी, चिखल, तिवरं. डोळे किलकिले करून बघ, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि उजेड-काळोखाचा हिशोब तेवढा उरतो. रंग सूर्य बुडाल्यावरही गडद होत जातात, म्हणून लगेच सामान आवरू नकोस.

घरी कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएनाचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला हात मार आणि चिंधीने पुसून घे. वाळला की त्यावर काम सुरू कर. काठावरच्या गवताच्या फटींतून ही ऊब जागोजागी दिसू दे. पुढे एक नियम मोडायचा नाही: खालचे थर पातळ, वरचे तेलकट. तेलकट थरावर टर्पेंटाइनचा पातळ थर चढवलास, तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

आता आमच्या सरांकडून आलेला खरा कानमंत्र ऐक. उजेड ट्यूबमधून निघत नाही, तो शेजारच्या छटेतून निघतो. आकाश चमकत नाही असं वाटलं की हात पांढऱ्याकडे जातो. तो आवर. टिटॅनियम व्हाइट वाढलं की रंग थंड आणि खडूसारखा होतो. त्याऐवजी चिखल एक पायरी खाली उतरव. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून येणारा गडद रंग घे, तयार काळा नको. जमीन खोल गेली की वरचा साधा यलो ओकरसुद्धा पेटतो. सगळ्यात उजळ ठिपका चित्रात एकच, सूर्यापाशी. बाकी सगळं त्याच्याखाली.

पिवळं आकाश थेट निळ्यात मिसळू नकोस, हिरवट होईल. मधे फिकट गुलाबी-करडा पट्टा ठेव. पाण्याचंही असंच नीट बघ: लांबच्या पाण्यात क्षितिजाजवळचं आकाश दिसतं, म्हणून ते तेजस्वी, पायाजवळच्या पाण्यात डोक्यावरचं आकाश दिसतं, म्हणून ते गडद. ओहळ सगळीकडे सारखाच चमकवलास तर तो आडवा न पसरता उभा राहील. तिवरांचं प्रतिबिंब सरळ खाली ओढ. झाडापेक्षा ते किंचित उजळ असतं. गवत उजेडाच्या विरुद्ध आहे, त्याची काडी न् काडी रंगवू नकोस. गडद वस्तुमान आणि सूर्याकडच्या कडेला दोन-चार उबदार फटकारे पुरेत.

सगळं नीट वाळलं की जवसाच्या तेलात अलिझरिन क्रिमझनचा अगदी पातळ, पारदर्शक थर क्षितिजाच्या पट्ट्यावर दे. खालचा पिवळा त्यातून आरपार दिसतो आणि आतून उजेड आल्यासारखा भास होतो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो; घाई केलीस तर खालचा रंग उचलला जाईल.

आणि एका चित्रावर थांबू नकोस. मार्टिन जॉन्सन हीड (1819–1904) या अमेरिकी चित्रकाराने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलींची शंभरावर चित्रं केली: तेच सपाट गवत, त्याच गंज्या, पाणी आणि उजेड मात्र दर वेळी वेगळे. तू जागा बदलू नकोस, तिथी बदल. अष्टमीचं चित्र पौर्णिमेच्या चित्राशेजारी ठेव आणि दोन्हींतल्या गडद छटा ताडून बघ. पुढचं काय करायचं ते त्या दोन चित्रांतूनच कळेल.